गडग्यापलीकडची गजाल

आमच्या वाडीत सध्या दोन विषय आहेत. अधिक ज्येष्ठ लागल्यापासून कोणाच्या जावयाला किती अनारसे गेले, हा एक. वरच्या घरातल्या सुनेने पडवळाची आळी अजून का खणली नाहीत, हा दुसरा. पहिला विषय १५ जूनला अधिक सरला की आपोआप मिटेल. दुसरा टिकणार, कारण त्यात काकीने लक्ष घातलंय.

काकी आमच्या गडग्यापलीकडची. गडगा चिऱ्याचा, कमरेइतका, आणि मधले दोन चिरे ढासळलेले. ते परत बसवायचं दर आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, निघतं आणि दर आगोटीला राहतं, कारण कढीपत्ता, उसनी साखर आणि गावच्या बातम्या त्याच भगदाडातून ये-जा करतात. रोहिणी लागली, धूळवाफेवर आमची भाताची दाढ पेरून झाली, आणि त्या संध्याकाळी काकी हातातला झाप खाली न ठेवताच भगदाडाशी हजर.

"बगलंस मां गो? परसात तण माजलाहा आणि ता पडवेर बसान दोरयेक गाठी मारता!"

"त्याला मॅक्रमे म्हणतात काकी. कुंड्या टांगायला. तारकर्लीचे होमस्टेवाले घेतात तिच्याकडून."

"टांगूची कुंडी? म्हणजे शिंकाळाच मां ता?"

शिंकाळंच. मी गप्प बसले. मांजरापासून दूध-दही वाचवायला वाशाला सुंभाचं शिंकाळं टांगलेलं काकीने जन्मभर पाहिलेलं. आता तेच भिंतीवर लटकवायला शहरातली माणसं पैसे मोजतात म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. पण तिचा खरा राग शिंकाळ्यावर नाहीच, दोरीवर आहे. पांढरीशुभ्र सुती दोरी कुरिअरने पुण्याहून येते, आणि त्याच घरात अंघोळीचं पाणी तापवायला न्हाणीच्या चुलीत रोज नारळाची सोडणं जळतात.

"घरचो काथो जाळतत नि पुण्याची दोरी हाडतत!"

आता सोडण जाळणं अगदीच वेडेपणाचं नाही. विस्तव चांगला धरतं, राख माडाच्या आळ्यात जाते. पण काकीची सासू सोडण चुलीत घालणाऱ्याला घरात घ्यायची नाही म्हणे. तिच्या काळी सोडणं खारीत पुरायची. खाजणाच्या चिखलात खड्डा, त्यात हिरव्या नारळाची सोडणं, वर जुने झाप, चिखल, दगड. भरती-ओहोटीचं खारं पाणी आत-बाहेर करत राहायचं आणि सहा ते दहा महिन्यांत धाग्याला धरून ठेवणारा गर कुजून सुटायचा. मग सोडण काढायचं, वरची साल सोलायची, दांडक्याने बडवायचं, धुवायचं, वाळवायचं. तेव्हा कुठे तो पांढरट सोनेरी काथ्या हाती लागायचा. कार्तिकात पुरलेलं श्रावण-भाद्रपदात हाताशी, म्हणजे भाताच्या दुप्पट मुदतीचं पीकच म्हणा ना. वास मात्र असा की ज्या घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील त्याच्या वाऱ्याला खड्डा काढायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता.

सुक्या नारळाच्या सोडणाचा काथ्या तांबडा आणि राठ. त्याला एवढं कुजवावं लागत नाही, यंत्राने सुटतो. पायपुसणी, ब्रश, गाद्या त्याच्याच. १९५३च्या कायद्याने काथ्या मंडळ आलं, त्याचं मुख्यालय कोचीला. कुडाळलाही त्याचं कार्यालय आहे. वेंगुर्ल्यात तर बायकांनी काथ्या कामगारांची सहकारी संस्था उभी केली. तरी काथ्या म्हटलं की लोक केरळचं नाव घेतात, आणि आमच्याकडे सोडणांचे ढीग माडाखाली पावसात भिजत पडतात. याचं मला वाईट वाटतं ते काही उद्योग-व्यापाराच्या कळवळ्याने नाही. हात रिकामे आणि माल दारात, हे बघवत नाही एवढंच.

मी काकीला 'कौंडिण्य'ची बातमी सांगितली. मे २०२५मध्ये कारवारला नौदलात एक शिडाचं जहाज दाखल झालं. अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या जहाजावरून ते बेतलेलं. गोव्यात बांधलं, फळ्यांना फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, आणि ते शिवणारे कारागीर केरळचे. ते जहाज पोरबंदरहून ओमानला जाऊन पोहोचलंसुद्धा.

"म्हणजे नौदलाक काथो चलता, आणि आमच्या सुनेक चलणा नाय!"

यापुढे वादच संपला.

पण मुद्दा मिटला नव्हता. मुद्दा होता आळ्यांचा. काकीचं म्हणणं, आधी माती, मग हाताचं काम. माझं म्हणणं असं की कुठलं काम केव्हा करायचं हे आपण ठरवतच नाही, हवा ठरवते. गाठी मारणाऱ्या सुनेचं चुकलंच असेल तर ते वेळेचं नाही, हवेचं. सुती दोरी कोरड्या हवेतली. पावसात ती दमट होते, ताण धरत नाही, आणि भिंतीवर टांगलेल्या नक्षीवर श्रावणात काळे ठिपके उठतात. ते काम दिवाळीनंतर घ्यावं. आता आगोटीला हातात घ्यायचं ते झाप.

झाप कसा विणतात ते काकीच्या हातात बघावं. माडाचं चुडत, म्हणजे झावळी, मधोमध कोयत्याने उभं चिरायचं, की दोन अर्धी होतात. ती तळीत नाहीतर डोणीत काही दिवस भिजत ठेवायची, कारण कोरडी पात वाकवली की मोडते. भिजलेलं अर्धं चुडत जमिनीवर आडवं टाकून काकी बुंध्याच्या बाजूला उकिडवी बसते आणि एक पात वर, एक खाली अशी शेंड्याकडे सरकत जाते. पाय पुढे सरकतात तसा झाप मागे पडत जातो, आणि बोलणं एक क्षण थांबत नाही. विणून झाला की एकावर एक रचून वर दगड. सगळी झडप एका दिशेने येते, पश्चिमेकडून, म्हणून पडवीच्या त्या अंगाला हे झाप बांधायचे. आता बहुतेक घरांना निळी-काळी ताडपत्री लागते. ती वाऱ्याला रात्रभर फडफडते आणि दोन पावसाळ्यांत फाटते; झाप एक पावसाळा धरतो आणि नंतर माडाच्या आळ्यात कुजून जातो. मला झापच बरा वाटतो. अर्थात विणणारी काकी गडग्यापलीकडे आहे म्हणून मी हे म्हणू शकते.

चुडताचं काही फुकट जात नाही. पात झापाला, हीर वाढवणीला, म्हणजे केरसुणीला, पिडा चुलीला. हीर काढायचं काम मात्र म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं. संध्याकाळी खळ्यात बसून पातीतून हीर ओढायचा, कोयत्याने साफ करायचा. मुठीएवढी जुडी झाली की सुंभाने आवळायची. बाजारातली प्लास्टिकची केरसुणी ओल्या खळ्यावर नुसती घसरते.

मृग लागला की ८ जूनपासून पुढचे पाच-सहा आठवडे कुणी सुईदोऱ्याचं नाव काढू नये. चिखलणी, तरवा काढणं, लावणी. संध्याकाळी बोटं पाण्याने पांढरी पडलेली असतात, सुई दिसत नाही आणि धरवतही नाही. पण त्याच वेळी, आमच्या वाडीपासून कोसभरावर, मासेमारांच्या गाबीतवाड्यात उलटी तऱ्हा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या ओढून वर घेतलेल्या, आणि पडव्या-पडव्यांतून जाळी पसरलेली. फाटलेलं जाळं खुंटीला अडकवायचं, सुईत दोरा भरायचा आणि आसाला आस जोडत बसायचं. पाऊस एकच, तो आमचे हात चिखलात घालतो आणि त्यांचे दोऱ्यात. बंदी इंग्रजी तारखेला उठते, पण यंदा नारळी पौर्णिमा २८ ऑगस्टला आहे. नारळ वाहिल्याशिवाय रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, न घालणारी घरं अजून आहेत. त्यांना यंदा हातकामाला जवळजवळ महिना जास्त मिळणार. रापणीला ओढायच्या लांबच लांब दोऱ्या पूर्वी सुंभाच्या असायच्या. आता नायलॉन. तेही मी समजू शकते, पाण्यात भिजलेला सुंभ ओढून बघा एकदा.

आमच्याकडे लोकर विणणाऱ्याही एक बाई आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांचा नातू कॅनडात. मालवणात स्वेटरची गरज कोणाला? इथे माघातसुद्धा एक चादर पुरते. तरी बाई वर्षाला दोन स्वेटर करतात. जुलैत लोकर बोटांना चिकटते, साध्या लोखंडी सुया गंजतात, आणि अर्ध्या विणलेल्या पाठीवर तांबूस रेघ उमटते. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. लोकरीचं विणकाम त्या नोव्हेंबर ते मार्चच करतात आणि पावसात फक्त नमुने कागदावर काढतात. ट्रंकेत लोकरीबरोबर वाळ्याची मुळं. वाळा त्यांच्या विहिरीच्या पाटाजवळ लावलेला आहे, मातीही धरतो आणि ट्रंकही राखतो.

मग दमट हवेत करायचं काय? जे मुळात ओलंच करावं लागतं ते. काथ्याचा सुंभ वळताना पाण्याचा हात लागतोच, कोरडा काथ्या हाताला टोचतो आणि पीळ धरत नाही. केळीचा सोपही तसाच. काकीच्या दारातली अबोली श्रावणात भरात येते. वळेसार, म्हणजे गजरा, करायचा तर दोरा चालत नाही, दोरा फुलाचा देठ कापतो. केळीच्या बुंध्याचा सुकलेला सोप पाण्यात टाकायचा, नरम झाला की टाचणीने उभा फाडून बोटभर रुंदीचा करायचा, मग आणखी बारीक. डाव्या हाताच्या अंगठ्यावर दोन-दोन फुलं समोरासमोर ठेवायची, सोपाचा वेढा, एक आढी, परत दोन फुलं. काकी बघतही नाही. तिच्या मांडीवरून वळेसार खाली उतरत राहतो, आणि त्या दिवशी तर सुनेच्या माहेरची सगळी चौकशी पूर्ण होईपर्यंत तो जमिनीला टेकला. सोप ओला असतो म्हणून अबोली दुसऱ्या दिवशीपर्यंत टवटवीत राहते. ज्या केळीने आज घड दिला तिचा बुंधा तोडायचाच असतो. घरात अबोली हवी असेल तर चार केळी लावा, एवढं साधं गणित.

काथ्याचंही तसंच एक गणित आहे, आणि ते सुनेला पटलं. बडवताना जो भुसा खाली पडतो तो म्हणजे दुकानातलं कोकोपीट. विटा करून विकतात, आणि पुण्याहून आलेल्या त्या दोरीच्याच खोक्यात तिने त्या मागवल्या होत्या! हा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. फक्त खारीतल्या सोडणाचा असेल तर तसाच रोपाला घालायचा नाही, मीठ असतं, रोप करपतं. दोन-चार पाण्यांनी धुवायचा, किंवा जूनमध्ये पावळीखाली ढीग करून ठेवायचा. महिनाभरात पाऊस फुकट धुऊन देतो. आख्खी सोडणं असतील तर माडाच्या आळ्यात पुरावीत, पोकळ बाजू वर करून, म्हणजे वाटीसारखी पाणी साठवतात. पाच-सहा वर्षं तरी त्यांचा उपयोग होतो. चुलीत पाच मिनिटं.

कापणी झाली, खळं चोपून सारवलं, की कोरडी कामं निघतात. गोधडी तेव्हाची. कापूस आणि जुनी लुगडी उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय टाका घालायचा नाही, नाहीतर आत कुबट वास कोंडतो आणि तो सात धुण्यांनी जात नाही. बांबूही पावसात तोडायचा नाही. माणगा असो की चिवार, थंडीत आणि काळोख्या पंधरवड्यात तोडला तर भुंगा कमी लागतो, ही बुरडांची जुनी समजूत. पावसानंतर बांबूतला पिठूळ अंश कमी होत जातो, हे अभ्यासकही सांगतात. कुडाळला २००४पासून बांबूवर काम करणारं कोनबॅकचं केंद्र आहे. रोवळ्या, सुपं, कणग्या बनवणाऱ्या हातांच्या जिल्ह्यात घरंच्या घरं बांबूची उभी करून दाखवणारे लोक आहेत, ही मला कौतुकाची गोष्ट वाटते. पण घरातली रोवळी घ्यायची तर मी अजून आठवड्याच्या बाजारात बुरडाकडेच जाते.

सावंतवाडीची चितारआळी मी इथे फार ओढत नाही, तो वेगळ्या संध्याकाळचा विषय. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि रंगवलेल्या गोल गंजिफा. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते. हा धंदा जवळजवळ बसला होता, तो शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागिरांना बसवून परत उभा केला. रंग आणि लाखेचं काम, म्हणजे हवा कोरडीच हवी. तिकडचे रंगारी जुलैत काय करतात असं मी एकदा विचारलं होतं. "शेती," असं सरळ उत्तर मिळालं.

एवढं सगळं झाल्यावर वरच्या घरातली सून स्वतःच भगदाडाशी आली. तिच्या कानावर गेलंच होतं. आमच्या वाडीत कानावर न जाता काही राहत नाही.

"काकी, मला सुंभ वळायला शिकवाल?"

काकीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शिकवतंय. पण आधी पडवळाची आळी."

"पडवळाची खणलीत सकाळीच. दोडक्याचीही."

मला वाटलं काकी विरघळली. छे. "मगे कारल्याची?"

सुनेचा हिशेब आमच्यापेक्षा चोख निघाला, हे सांगितलंच पाहिजे. तिने फोनवरचं पंचांग उघडून दाखवलं. नक्षत्रं सूर्याची, ती दर वर्षी साधारण त्याच तारखांना येतात. म्हणून पेरणी हलत नाही. सण चंद्राचे, आणि अधिक महिना आला की ते पुढे सरकतात. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा १४ सप्टेंबरला. लावणी उरकल्यापासून गणपतीपर्यंत अडीच आठवडे जास्त. "तेवढ्यात मी पन्नास शिंकाळी करू शकते. सुंभाची," ती म्हणाली. काकी काहीच बोलली नाही, पण तिने हातातल्या झापाची पात घट्ट ओढली आणि ती मोडली नाही, म्हणजे ती खूश होती.

अडीच आठवड्यांचा फरक माटवीलाही लागू आहे, आणि तो विसरून चालणार नाही. गणपतीच्या वर टांगायच्या या चौकटीला नारळ, सुपारीची शिप्टं, कवंडळं, रानातली हरणं (जनावरं नव्हेत) आणि तवसं, म्हणजे मोठ्या काकड्या, लागतात, आणि ती बांधायला सोप नाहीतर सुंभ. सुंभ वेळेवर वळून होईल. फळ आपल्या मर्जीने येत नाही. मृगाला एकदम सगळं तवशाचं बी टाकलंत तर यंदा चतुर्थीपर्यंत तवसं पिकून पिवळं होईल आणि वेल वाळायला लागेल. निम्मं बी ८ जूनच्या आसपास टाका, निम्मं आर्द्रा सरताना, ५ जुलैच्या सुमारास. दुसऱ्या खेपेचं तवसं १४ सप्टेंबरला टांगायला कोवळं मिळेल.